कोपरा फाटलेलं कार्ड

ता. १४ फेब्रुवारी १९३२, चौल

खड् खड्, खड् खड्. सुके बोंबील वाऱ्यानं एकमेकांवर आपटले की असा आवाज होतो. आमच्या थेरोंड्याच्या किनाऱ्यावर बांबू रोवून आडव्या दोऱ्या ताणतात आणि बोंबलांच्या जोड्या तोंडात तोंड अडकवून त्यांवर वाळत घालतात. दुपारचा वारा सुटला की साऱ्या दोऱ्या एकदम बोलू लागतात. शाळेतून घरी येताना मी त्या तालावर कविता म्हणत असे. पंतोजींनी घोकवून घेतलेली आर्या त्या तालात बसत नसे, ओवी मात्र अगदी चपखल बसे. पुढे झांजिबारात सदतीस वर्षं काढली. तिथेही माड आहेत, पण झावळ्या सळसळतात, खडखडत नाहीत. बंदरावरच्या कचेरीत डोळा लागला की कधी कधी तो आवाज यायचा आणि जागा झालो की नसायचा.

परवा रेवदंड्याच्या धक्क्यावर आगबोटीतून उतरलो, तेव्हा आधी तोच ऐकू आला. साठ वर्षांचा माणूस, पण पेटी तिथेच ठेवून ऐकत उभा राहिलो.

बाबा आणि धाकटा भाऊ सदा, दोघेही आता नाहीत, हे धक्क्यावरच्या माणसांकडून कळलं. आई आहे, असंही कळलं. "गोदूबाय? ती काय मरते! वाळवणात बसली असंल," असं एकजण म्हणाला आणि माझ्याकडे टक लावून बघू लागला.

ती वाळवणातच होती. पाठमोरी. पाठ वाकली आहे, तरी मान तशीच ताठ. मी म्हटलं, "आये."

ती वळली. तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. झांजिबारी बूट आहेत, अजून चकाकी गेलेली नाही. म्हातारीला नवल वाटलं असेल. मग तोंडाकडे पाहिलं.

"कोन पायजे?"

"आये, मी हरी. हरेश्वर."

"माजा हरी वारला," ती म्हणाली. "तुमी कोन पाव्हनं?"

एवढं बोलून ती बोंबील उलटू लागली. दारात सदाची बायको बायजा उभी होती. तिच्या हातून कळशी सुटली आणि ती किंचाळली. सुनेनं किंचाळावं आणि आईनं मान वर करू नये!

रागात आई म्हणतेच, 'मेलास तू माझ्यापुरता.' तसंच हे असेल. सदतीस वर्षांचा राग एका दुपारीत कसा जाईल? मी तिथून निघालो आणि इथे चौलात, एका सुपारीच्या वाडीत भाड्यानं खोली घेतली. थेरोंड्यापासून पाऊण कोस. जवळही नाही, लांबही नाही.

मुंबईत उतरलो तेव्हा ही वही घेतली होती. आनंदाचं लिहायला.


ता. १५ फेब्रुवारी

दिवसभर वाडीत बसून राहिलो. शाळेतल्या कविता आठवून पाहिल्या. पहिले चरण येतात, दुसरे येत नाहीत.


ता. १९ फेब्रुवारी

एक युक्ती सापडली आहे. आई अजून मासळी विकायला बसते. गिऱ्हाईक म्हणून गेलं की तिला बोलावंच लागतं. चार दिवस रोज जातो आहे.

"काय घेताव?" ती विचारते. घेताव! तिच्या तोंडी मला नेहमी 'घेतंस', 'जातंस' असे. व्याकरण मी शाळेत पहिल्या नंबरानं शिकलो, पण आदरार्थी बहुवचन एवढं बोचतं हे तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.

आज पाटीत पाला मासा दिसला. म्हटलं, "आये, पाला दे."

"पाला काट्याचा. तुमाला न्हाय झेपायचा. हलवा घ्या."

"मला पालाच हवा."

"न्हाय म्हनलं ना."

शेजारची कोळीण खो खो हसली. "अगो गोदूबाय, गिऱ्हाईक मागतंय आनि तू न्हाय म्हनतंस? धंदा करतंस का पोरं सांभाळतंस?"

आईनं हलवा काढून माझ्या पिशवीत टाकला. ताज्या पाल्याच्या लायकीचासुद्धा मी तिला वाटत नाही. ती मासळी दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवली असेल.

परत येताना बायजानं वाटेत गाठलं. पदर डोक्यावर घट्ट ओढून, बांधाच्या पलीकडे उभी राहून बोलली. "भावजी, राग धरू नका. आयचं तरी काय चुकलं? पत्र आयलं व्हतं ना."

"कसलं पत्र?"

"तुमी वारल्याचं."

मला काही समजेना. मी तर जिवंत उभा. कोण लिहील असं पत्र?

"लिवलेलं कोनी वाचलं?" ती म्हणाली. "कोपरा फाटलेलं कार्ड आयलं. मी तवा नवी नवरी, ह्या दारातच उभी व्हती. टपालवाल्यानं कार्ड चिमटीत धरलेलं. उंबऱ्याच्या भायेर ठेवलं नि मागं न बघता गेला. मामांनी, तुमच्या बाबांनी, तसंच उचलून दर्यात सोडलं. दहावं झालं, बारावं झालं. आन आता तुमी बूट घालून आलाव, पाय सुलटे का उलटे ते कोनाला दिसनार!"

आमच्याकडे मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. वाचण्याआधीच घरच्यांना कळावं म्हणून. ते कार्ड घरात नेत नाहीत, ठेवत नाहीत. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना तो फाटका कोपराच पुरेसा असतो.

असं कार्ड त्यांना सन १९०३ मध्ये आलं. झांजिबारचंच असणार. टपालखात्याचा निष्काळजीपणा, दुसरं काय! बोटीच्या तळात उंदीर असतात, ते कागद कुरतडतात. कुठे पोत्याखाली अडकून फाटलं असेल. कुणाच्या तरी बेपर्वाईनं एका घराचं असं व्हावं, याला काय म्हणावं?


ता. २० फेब्रुवारी

काल लिहिलं ते खोटं आहे. उंदीर नाही, पोतं नाही. कोपरा मी फाडला.

आठवायला वेळ लागला असंही नाही. बायजा 'कोपरा' म्हणाली त्या क्षणी बोटांना आठवलं. तरी वहीत खोटं लिहिलं. ही वही दुसरं कुणी वाचणार नाही. म्हणजे मी मलाच फसवू पाहिलं.

घर सोडून आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं मी रागात पत्र टाकलं नव्हतं. सहावी पास झालेला मी, बाबांच्या होडीवर जाळी ओढणार नाही म्हणालो, यावरून भांडण. मग एके दिवशी बंदरावर बसून कार्ड लिहिलं. फार नाही लिहिलं. "आये, चुकलो. येऊ का?" एवढंच आणि खाली नाव. गावात कुणीतरी वाचून दाखवील असं धरलं होतं.

टपालकचेरीकडे चाललो होतो. ओहोटी लागली होती. पाणी मागे सरत होतं आणि ओला किनारा उघडा पडत होता. तेवढ्यात ओळ सुचली. अगदी आतून, चालीसकट:

*लाट येई, लाट जाई, तीर राहे तेथ*

खिशात कागद नव्हता. दुसरा चरण येईपर्यंत पहिला हातचा जाईल अशी भीती. हातात कार्ड, त्याचा खालचा कोपरा कोरा. टरकन फाडला, पेन्सिलीनं ओळ टिपली आणि कार्ड पेटीत टाकलं. मनात केवढा आनंद! वाटलं, आज माफीही मागितली आणि कविताही झाली.

कोपरा फाडलेल्या पत्राचा अर्थ मला ठाऊक नव्हता का? उंबऱ्यापाशी वहाणा काढाव्यात हे जसं ठाऊक, तसं ठाऊक होतं. पाचव्या वर्षापासून. पण त्या घटकेला मी कोळ्याचा पोर नव्हतो, कवी होतो.

दुसरा चरण कधीच आला नाही. तो तुकडा सदऱ्याच्या खिशात राहिला आणि धोब्याच्या हातून धुऊन गेला.

कार्डाचं उत्तर आलं नाही. मी म्हटलं, आईनं 'नको येऊ' म्हटलं. तोच राग आणखी एकोणतीस वर्षं पुरला. लग्न केलं नाही, तेही त्या रागातच. पुन्हा एक पत्र टाकायला काय झालं होतं? हा प्रश्न काल सुचला. तेव्हा कसा सुचला नाही?


ता. ६ मार्च

आईला सांगायचं ठरवून रोज जातो. रोज काहीतरी होतं. एकदा गिऱ्हाइकांची गर्दी. एकदा तिचं डोकं दुखत होतं, कपाळाला फडकं बांधून बसली होती. एकदा मीच वाटेत पळस फुललेला पाहून तासभर थांबलो आणि बाजार उठला. पळसाला दोष देण्यात अर्थ नाही.

आज मनात वाक्य तयार करून गेलो होतो. "आये, तो कोपरा..." ती म्हणाली, "मांदेली ताजी हाय, घेताव का?" मी म्हटलं, "घेतो." मांदेली घेऊन घरी आलो.

जेवताना लहानपण आठवलं. सात वर्षांचा असेन. पाल्याचा काटा घशात रुतला होता. मी निळा पडलो म्हणे. आईनं भाताचे कोरडे गोळे एकामागून एक घशात कोंबले, पाठीवर दणके घातले आणि सारखं शिव्या देत होती. "गीळ मेल्या, गीळ. माजा जीव घेतंस काय." काटा उतरला तेव्हा तीच मोठ्यानं रडली. मी नाही रडलो. अशी माया होती तेव्हा. आता साधी हवी ती मासळी देत नाही.


ता. २३ मार्च

काल शिमगा. किनाऱ्यावर होळी उभी केली होती, सावरीचं झाड. सारा पाडा नाचत होता. मी जरा दूर, होडीला टेकून.

शिमग्याला शिव्या द्यायची मुभा. देवच देतो ती. एरवी मान खाली घालणाऱ्या सुनाही त्या दिवशी सासऱ्यांना ऐकवतात. बाळाजी तांडेल तर एका पायावर उड्या मारीत होडीपासून होळीपर्यंत साऱ्यांचा उद्धार करीत होता. पूर्वी या कामात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौलापासून माणसं तिच्या शिव्या ऐकायला येत. त्यांत यमकसुद्धा असे. मला कवितेचा कान कुठून आला, असं पंतोजी विचारीत; मी सांगत नसे.

आई होळीपाशी आली, नारळ वाहिला आणि तोंडावर पदर दाबून उभी राहिली. एक अक्षर नाही. बाळाजी तिच्यापुढे येऊन वाकुल्या दाखवू लागला. "दे गो काकी, एक तरी दे! बारा महिन्यांची खाज हाय!" तिनं फक्त मान हलवली.

मी बायजाला विचारलं, "आईला बरं नाही का?"

"बरी हाय. पन शिवी देत न्हाय त्या."

"कधीपासून?"

बायजानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काही चमत्कारिक विचारलं. "कार्ड आयलं तवापासनं. तुमी गेलाव त्या दिशी धक्क्यावर त्या काय बोलल्या, ठाव हाय ना?"

न ठाऊक असायला काय झालं! आगबोटीचा भोंगा वाजला तरी तिचा आवाज त्यावरून ऐकू आला होता. "जा मेल्या! मेलास तरी सांगावा धाडू नको!" बोटीवरची माणसं हसली होती. मीही हसलो होतो, रागानं.

"तवापासनं कोनाला मेल्या म्हनल्या न्हाईत. पोराला न्हाय, गिऱ्हाइकाला न्हाय, मांजर मासळी घेऊन गेलं तरी न्हाय. नुसतं हाड हाड करत्यात."

बायजा आणखी काही सांगणार होती, पण कुणीतरी तिला नाचायला ओढलं.

घरी येऊन विचार करीत बसलो. मूल गेलं की कुणी गोड सोडतं, कुणी आवडीची भाजी. माझ्या आईनं शिव्या सोडल्या. केवढं हे व्रत! आणि त्या व्रतानं तिला एक शांती आली असणार. जीभ गोड झाली, मन निवलं. अशा म्हातारीला जाऊन मी सांगू, की बाई, तुझं एकोणतीस वर्षांचं व्रत एका पोराच्या वेडेपणावर उभं आहे? मी स्वतःच्या हातानं फाडला कोपरा? तिची आहे ती शांतीही जाईल.

न सांगणं हेच खरं दयेचं काम, असं आज वाटतं. उद्या काय वाटेल, माहीत नाही. दया आणि भ्याडपणा यांचं तोंड अंधारात एकच दिसतं.


ता. १७ एप्रिल

"तुमी कवा जाताव?" असं आईनं आज विचारलं.

"का?"

"आसंच. पावसाआधी आगबोटी बंद व्हतात. पाव्हन्यांनी येळेवर निघावं."

मी गेलो की सुटली, असं तिला वाटत असणार. मे महिन्याच्या बावीस तारखेच्या बोटीनं जाईन, म्हणून सांगितलं. तिनं माझी पिशवी घेतली आणि न मागता चार बांगडे जास्त टाकले. निरोपाचे.


ता. ११ मे

सांगितलं.

पावसाळ्याआधीची आवराआवर चालली आहे. आई अंगणात सुका जवळा पाटीत भरत होती. बायजा विहिरीवर गेली होती. मी शेजारी बसून ओंजळीनं जवळा भरू लागलो.

"पाव्हन्यांनी हात लावू नये. वास लागंल."

"लागू दे," मी म्हटलं. मग एका दमात बोललो, नाहीतर बोललोच नसतो. "त्या कार्डाचा कोपरा मी फाडला होता."

तिचे हात थांबले. "कोनी?"

"मी. माझ्या हातानं. जवळ कागद नव्हता. एक ओळ सुचली होती, कवितेची. ती टिपायला फाडला."

"आपसूक न्हाय फाटला?"

"नाही."

"आन दुसऱ्या कोनी न्हाय?"

"नाही, आये. मीच."

"तवा तुमाला दुखनं-बिखनं? ताप? बोट बुडता बुडता वाचली, आसं काय?"

"काही नव्हतं. मी धडधाकट होतो."

"धडधाकट," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "धडधाकट व्हता."

वकील जसा चोराकडून एकेक गोष्ट कबूल करून घेतो, तसं चाललं होतं. पळवाट राहू नये म्हणून सगळ्या फटी बुजवीत होती ती. आजार असता, संकट असतं, तर माझा गुन्हा थोडा हलका झाला असता. मी तेही करू शकलो नाही.

"काय व्हती ती ओळ?"

साठ वर्षांच्या आयुष्यात मी तिला माझी कविता पहिल्यांदा म्हणून दाखवली. "लाट येई, लाट जाई, तीर राहे तेथ."

"तीर जातोय कुटं?" ती म्हणाली. "त्याला पाय हायत?"

मी पुन्हा ओंजळ जवळ्यात घातली.

"आन कार्डावर काय लिवलं व्हतं?"

"'आये, चुकलो. येऊ का?' एवढंच."

तिनं हातातली पाटी पालथी घातली, तिच्यावर बसली आणि समुद्राकडे तोंड केलं. जवळा सांडला तो तसाच. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. खांदे हलत होते, पण वाराही होता.

"तुमी जावा आता," ती म्हणाली. "मना काम हाय."

मी उठलो. हातांना अजून जवळ्याचा वास आहे. धुतला नाही.


ता. १३ मे

फार वाईट झालं.

आज लांबूनच बाजाराकडे बघत उभा होतो, जवळ जायचं धैर्य नव्हतं. बाळाजी तांडेलानं ओलं जाळं आणून आईच्या वाळवणावर टाकलं. चुकून टाकलं असेल. आणि आईचा आवाज आला, सदतीस वर्षांपूर्वीचा, भोंग्यावरून चढणारा:

"मेल्या बाळाजी! डोळे फुटले का तुजे, मुडद्या? उचल ते, न्हायतर त्याच जाळ्यात तुला गुंडाळून दर्यात टाकीन!"

सारा बाजार थांबला. लिलाव थांबला. बाळाजी पन्नाशीचा गडी, जाळं हातात धरून नुसता उभा राहिला आणि मग दात काढून हसायला लागला. "काकी, आनखी एक दे," म्हणाला. तिनं दिली. दुसरी, तिसरी. एक म्हातारी कोळीण पदरानं डोळे पुसत होती.

एकोणतीस वर्षांचा नेम माझ्यामुळे मोडला. जी शांती तिनं इतक्या कष्टानं मिळवली ती मी एका दुपारी हिरावून घेतली. आता ती दिसेल त्याला शिव्या देत सुटली आहे. कावळ्याला, मांजराला, वाऱ्याला.

संध्याकाळी बायजा वाडीपर्यंत आली. हसत होती. हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. "भावजी, आज मना तीन येळा मेले म्हनल्या," असं सांगत होती, जसं कुणी लुगडं घेतल्याचं सांगावं. "उद्या या तुमी बाजारात."

"नको," मी म्हटलं. "तिला आणखी त्रास नको."

बायजा हसायची थांबली. काहीतरी बोलणार होती. मी दार लावून घेतलं.


ता. १९ मे

आठवडाभर गेलो नाही. डाळ-भात खातो.

बायजानं निरोप धाडला: "आय इचारतात, पाव्हनं आताशा मासळी कुटनं घेतात?" म्हणजे गिऱ्हाईक तुटलं याचाही तिला राग. निरोपाला उत्तर दिलं नाही.

मुंबईला माझगावात एक जुना सोबती आहे, तिथे उतरेन. पुढचं पुढे. झांजिबारात तरी कोण आहे? बंदरावर कुणी ओळखही दाखवणार नाही.


ता. २२ मे

पेटी भरली. दुपारची आगबोट. अनंता गाडीवाला बैलगाडी घेऊन येतो म्हणाला आहे. शाई बांधून ठेवली, म्हणून पेन्सिलीनं लिहितो आहे.

रात्रभर विचार केला की जाताना एकदा भेटावं का. पण कोणत्या तोंडानं? तिनं तर मला पावसाआधी निघायलाच सांगितलं होतं. पाव्हन्यानं वेळेवर निघावं. माझ्या अपराधाला तिच्याकडे शिक्षाही नाही, नुसतं 'तुमी' आहे. ते ऐकत ऐकत मरण्यापेक्षा दूर जावं. मरणाची मला भीती नाही. इथे एकदा मेलोच आहे. माझं दहावं झालं, बारावं झालं, लोक जेवून गेले. आता

दार वाजतं आहे. अनंता लवकर आला.

...

अनंता नव्हता.

आई होती.

पाऊण कोस चालत आली. गुडघा धरलेला, काठी टेकीत, या उन्हात. डोक्यावर पाटी नव्हती. पाटीशिवाय तिला मी कधी पाहिलंच नव्हतं. किती लहान दिसते ती! दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत होती. मी पाणी द्यायलाही हललो नाही, असा दगड झालो होतो.

तिनं खोली पाहिली. गुंडाळलेलं अंथरूण पाहिलं, दोरीनं बांधलेली पेटी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. पायांकडे नाही, तोंडाकडे.

"कुटं चाल्लास?" म्हणाली.

चाल्लाव नाही. चाल्लास. द्वितीयपुरुष, एकवचन.

उत्तराची तिनं वाट पाहिली नाही. उंबरा ओलांडून आत आली, काठी भिंतीला लावली आणि त्या बांधलेल्या पेटीवर जाऊन बसली. चांगली ऐसपैस, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, बाजारात बसते तशी. पाणी मागितलं. दिलं. पिऊन झाल्यावर भांडं उपडं घातलं आणि मी काय खरडतो आहे ते बघत बसली आहे.

बाहेर रस्त्यावर अनंता हाका मारतो आहे. ती उठत नाही.